तू कोणाचा?



गावात अनोळखी मुलगा दिसला की जाणती माणसे विचारीत, “तू कोणाचा रे?” मुलगा बापाचे नाव सांगे, आळी सांगे, आणि ओळख पटे. आज आम्ही मुलांना हातातल्या मोबाईलवरून आणि पायातल्या बुटांवरून ओळखतो. हा बदल वरवरचा नाही. माणूस म्हणजे काय, ही कल्पनाच बदलली आहे.

समाजशास्त्रज्ञ झिग्मुंट बाउमन (१९२५-२०१७) ह्यांनी हे बारकाईने मांडले. कारखान्यांच्या युगात माणसाची किंमत तो काय बनवतो ह्यावर ठरे; आता तो काय विकत घेतो ह्यावर ठरते. ओळख वारशाने मिळत नाही, ती बाजारातून आणून जुळवावी लागते, आणि फॅशन बदलली की पुन्हा नव्याने. २००७ सालच्या ‘कन्झ्युमिंग लाइफ’ ह्या पुस्तकात ते म्हणतात की, ग्राहक शेवटी स्वतःच विक्रीची वस्तू बनतो. लग्नाचे बायोडेटा वाचताना आम्हांला हे पटते: उंची, रंग, पगार, फ्लॅट. (स्वभाव शेवटच्या ओळीत, जागा उरली तर!)

जुने सारे चांगले होते असे मात्र नाही. ‘तू कोणाचा?’ ह्याच प्रश्नाने जात विचारली, मुलींचे शिक्षण अडवले. निवडीचे स्वातंत्र्य ही देणगीच आहे. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनीही १९९१च्या ‘चेंतेसिमुस आन्नुस’ ह्या परिपत्रकात अधिक चांगले जगण्याची इच्छा चुकीची मानली नाही; माणूस ‘असण्या’पेक्षा जवळ काही ‘असणे’ मोठे मानणारी जीवनशैली चुकीची मानली.

अडचण येते ती ग्राहकाची सवय घरात शिरते तेव्हा. न आवडलेली वस्तू दुकानदार बदलून देतो. तिथे ते योग्यच आहे. पण वेदीसमोर नवरा-नवरी आजारपणातही साथ देण्याचे वचन देतात, तेव्हा ते ग्राहक म्हणून बोलत नसतात. उद्या मन पालटले तरी शब्द पाळीन, असे म्हणणारा माणूस बाजाराला कळतच नाही.

आणि विकत घेणारा तोच माणूस असेल, तर ज्याला काही घेता येत नाही तो कोण? बाउमन म्हणतात, हा समाज गरिबाला ‘सदोष ग्राहक’ मानतो. अंथरुणाला खिळलेल्या आजीचे तेच. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला जातो तेव्हा अशा आजी घरोघरी भेटतात. काही घरांत त्यांच्या पलंगाशी कुणीतरी बसलेले असते. काही घरांत आम्ही येईपर्यंत टीव्हीचा आवाज तेवढा बारीक केलेला असतो.