परसांतील वेल आणि शेजारधर्म

भाजीबाजार घराजवळ असतां परसांत भाजी लावण्याचा खटाटोप कशासाठीं करावा, असा प्रश्न आम्हांस पुष्कळदां विचारण्यांत येतो. विचारणारे गृहस्थ बहुधा हिशेबी असतात व त्यांच्या हिशेबांत चूक काढणें कठीण असतें. खत, बियाणें, पाणी, मांडवाचे बांबू आणि सकाळसंध्याकाळची मेहनत यांची बेरीज केली, तर परसांतलीं चार वांगीं बाजारच्या वांग्यांहून महागच पडावयाचीं. म्हणून परसबागेचें समर्थन पैशाच्या भाषेंत करण्याच्या भरीस आम्ही पडत नाहीं. तिचें सुख निराळ्या जातीचें आहे. आणि त्या सुखांत एक नैतिक प्रश्न गुंतलेला आहे, त्याचाच येथें थोडा विचार करावयाचा आहे.

या सुखाचा पहिला भाग लक्ष घालण्याचा. न्हाणीचें पाणी जेथें जातें तेथें अळू, त्यापलीकडे केळ, कुंपणाशीं शेवगा व कढीलिंब, आणि मांडवावर पडवळ, दोडका, दुध्या, ही आमच्याकडील जुन्या परसाची मांडणी कोणा शास्त्रज्ञानें ठरविलेली नाहीं. पाण्याच्या ओघानें व गृहिणीच्या सोयीनें ती ठरली. दोडक्याचीं पिवळीं आणि दुध्याचीं पांढरीं फुलें तिन्हीसांजेस उमलतात, हें भाजी केवळ पिशवींतून घरीं आणणारास ठाऊक नसतें. लाल भोपळ्याच्या वेलावर आधीं नुसतीं नर-फुलेंच येतात. नवशिका मनुष्य तीं गळतांना पाहून निराश होतो. पण कांहीं दिवस धीर धरला कीं पाकळ्यांखालीं इवलासा भोपळा घेऊन मादी-फूल दिसूं लागतें. तेंही एकटें निरुपयोगी. कोठून तरी मधमाशी यावी, तिनें पराग आणावा, तेव्हां फळ धरावयाचें. म्हणजे ज्या फळास आपण 'आमचें' म्हणतों, त्यांत एका अनोळखी पाहुणीचा वांटा प्रथमपासूनच असतो.

सुखाचा दुसरा भाग वांटण्याचा. वेल हिशेबानें फळत नाहीं. आठवडाभर कांहीं नाहीं, आणि मग एकाच दिवशीं दहा घरांस पुरेल इतकें. इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन लॉक यानें १६८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या राज्यशासनविषयक ग्रंथांत असें प्रतिपादन केलें आहे कीं, निसर्गाच्या वस्तूंत मनुष्यानें आपले श्रम घातले म्हणजे ती त्याची होते. परंतु नासण्यापूर्वीं जेवढें उपयोगांत आणतां येईल तेवढेंच त्याचें, त्याहून अधिक तें दुसऱ्याचें. पुढें न नासणारा पैसा आला आणि ही मर्यादा सैल झाली, हेंही त्यानेंच दाखविलें आहे. परसांतील भाजी मात्र अद्याप त्या पहिल्या नियमाखालीं नांदते. दुध्या चार दिवस अधिक ठेवला कीं जून होतो. केवळ स्वतःपुरतें शिजविणाऱ्यास गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत पापाचा धनी ठरविलें आहे; येथें तर पापापूर्वीं सालच कठीण होऊन बसते!

पण जें ठेवतांच येत नाहीं तें देण्यांत पुण्य तें कोणतें? हा प्रश्न आम्हीं स्वतःस कधीं विचारला नव्हता. कांहीं वर्षांपूर्वींच्या एका पावसाळ्यांत तो विचारण्याचा प्रसंग आला. आमच्या दुध्याचा वेल मांडव सोडून शेजारच्या कौलांवर चढला. त्या हंगामांत आम्हीं शेजारीं सहा भोपळे स्वहस्तें नेऊन दिले होते, आणि प्रत्येक वेळीं परत येतांना आमची छाती थोडी रुंद झालेली असे. एके सकाळीं पाहतों तों त्यांच्या कौलांवरचा, आम्हीं बियांकरितां मनांत राखून ठेवलेला भोपळा नाहींसा झालेला! शेजारणीनें तो काढून त्याची भाजी केली होती, व रिवाजाप्रमाणें वाटीभर आमच्याकडे पाठविलीही होती. ती भाजी आम्हांस गोड लागली नाहीं. आम्ही बरेंच कांहीं बोललों. मातोश्रींनीं शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाल्या, "सहा दिलेस तेव्हां आनंद झाला, आणि एक त्यांनीं आपण होऊन घेतला तर राग आला. मग तुला त्यांचें खाणें आवडतें कीं तुझें देणें?" थोड्या वेळानें आणखी म्हणाल्या, "आणि या वेलाचें बीं तरी कोणाचें? त्यांच्याच सासूबाईंनीं माझ्या पदरांत घातलेलें."

आम्हांजवळ उत्तर नव्हतें. श्रमाचा हक्क खोटा नाहीं; जो माळी भाजी विकून पोट भरतो, त्याच्या वाफ्यांतली एक मेथीची जुडी उचलणें ही चोरीच होय. पण आमचें पोट त्या भोपळ्यावर अवलंबून नव्हतें. अवलंबून होता तो आमचा दातेपणा. दात्यास घेणारा हवा असतो, पण तो हात पसरून उभा असलेला हवा असतो. त्यानें बरोबरीच्या नात्यानें हात पुढें केला कीं आपलें औदार्य बिथरतें. ज्यास आपण वांटणें म्हणतों त्यांत असें श्रेष्ठपण कितीदां लपलेलें असतें, हें प्रत्येकानें आपल्याशींच तपासून पाहावें.

त्या वर्षीं आमच्याकडे बीं राहिलें नाहीं. पुढल्या ज्येष्ठांत बीं मागावयास आम्हांस त्याच दारीं जावें लागलें. सहा भोपळे देतांना जें पाऊल सहज पडत होतें, तें मूठभर बियांसाठीं उंबऱ्याशीं अडखळलें. शेजारणीनें कौलांवर मागाहून धरलेला एक भोपळा पिकूं दिला होता. त्याच्या बिया तिनें राखेंत घोळून ठेवल्या होत्या. तिनें त्या कागदाच्या पुडींत बांधून दिल्या, आणि देतांना तिच्या तोंडावर उपकाराची छटाही नव्हती. देणें कसें असावें तें आम्ही त्या दिवशीं शिकलों. आणि त्याहून अवघड असें घेणेंही.

तेव्हांपासून आम्ही वेल कौलांकडे जाऊं लागला तर वळवीत नाहीं. भिंतीपलीकडे जें लोंबेल तें त्यांचें. विचारण्याची गरज नाहीं व सांगण्याचीही नाहीं. ज्यांच्या घरामागें हातभर माती आहे त्यांनीं अळूचा एक कांदा किंवा दुध्याच्या चार बिया अवश्य लावाव्या. मात्र बीं विकत आणण्यापूर्वीं एकदां शेजारीं मागून पाहावें.