गाऊनवरची ओढणी

मे महिन्यात सकाळी दहाच्या सुमारास बोर्ली पंचतनच्या बाजारात उभं राहिलं, की दोन प्रकारचे सैल कपडे एकमेकांच्या बाजूने जाताना दिसतात. एक असतो दिवेआगरला निघालेल्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणि वेफर घ्यायला उतरलेल्या बाईच्या अंगात. ढगळ, पायघोळ, फिक्या रंगाचा, गळ्याशी थोडं भरतकाम. सोबत कापडी झोळी, कोल्हापुरी चप्पल, कानात काळपट चांदीसारखे दिसणारे झुमके. याला काफ्तान म्हणतात. दुसरा असतो कोथिंबीर नाहीतर मासळी घ्यायला आलेल्या गावातल्या बाईच्या अंगात. तोही ढगळ, तोही पायघोळ, गळ्याशी चेन किंवा लेस, अंगभर फुलांचा छाप. याला गाऊन म्हणतात, काही घरांत मॅक्सी. आणि त्याच्यावर ओढणी.

कापड जवळपास तेच, बेतही तोच. फरक काय तो ओढणीचा. मला या ओढणीबद्दलच बोलायचं आहे.

ही ओढणी गाऊनशी कधीच जुळत नाही. गाऊन हिरवा असेल तर ओढणी जांभळी, दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या पंजाबी ड्रेसवरची, ड्रेस विटला म्हणून मागे उरलेली. कधी ओढणी नसते, टॉवेलच असतो. तिचं काम झाकणं आहे म्हणावं, तर गाऊन आधीच गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकतो. साडीत दिसते तेवढी पाठ-कंबरही त्यात दिसत नाही. मग ती कशासाठी? मला वाटतं, ती कपडा नाहीच, ती चिठ्ठी आहे. शाळेत उशिरा येणारं पोर घरून चिठ्ठी आणतं, तशी. तिच्यावर लिहिलेलं असतं: मी घरातल्या कपड्यांत बाहेर आले आहे हे मला माहीत आहे, पाच मिनिटांत परत जाते, तेवढं चालवून घ्या.

काफ्तानवालीला चिठ्ठी लागत नाही. इथे प्रश्न सुरू होतो. उन्हाळ्यात साधं, सैल, निवांत कपड्यांत वावरण्याचा हक्क कुणाला आहे, आणि तो कुणाला दर वेळी मागून घ्यावा लागतो?

आधी उन्हाळ्याबद्दल, कारण कपड्यांच्या नीतीवर बोलणारे बहुतेक लोक पंख्याखाली बसून बोलतात. किनारपट्टीवर पारा विदर्भासारखा चढत नाही. पस्तिशीच्या आतबाहेरच राहतो. पण घाम सुकत नाही. शरीर थंड होतं ते घाम येण्याने नव्हे, तो उडून जाण्याने, आणि हवेतच पाणी भरलेलं असलं की तो उडणार कुठे? सूत आपल्या वजनाच्या साधारण आठ टक्के ओल नुसत्या हवेतूनच धरून ठेवतं. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही, म्हणून त्याच्या आत घाम अंगावरच राहतो. पण सुती कपडाही भिजून अंगाला चिकटला, की उपयोग संपला. म्हणून इथे कापडाइतकंच महत्त्व ढगळपणाला आहे. खालून हवा शिरली पाहिजे, वरून बाहेर पडली पाहिजे. या हिशेबाने गाऊन हा कोकणातल्या उन्हाळ्यासाठी जवळजवळ आदर्श कपडा आहे. लेगिंग्ज आणि अंगाबरोबरची कुर्ती नाही, पाच-सहा वार साडी आणि तिच्याखालचा परकर तर नाहीच.

त्यात हा काळ बायकांच्या सुट्टीचा नसतो. आगोटीची बेगमी याच दिवसांत करायची असते. पापड, कुरडया, फणसपोळी, आमसुलं, सुकी मासळी, सरपण. सगळं उन्हात उभं राहून, नाहीतर चुलीपुढे बसून. शिवाय 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यातल्या नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. नुकसानीत झाडं मोजली जातात, सावली कुणी मोजत नाही. सुपारी पुन्हा हाती लागायला वर्षं जातात. तोवर जे ऊन झाडावर थांबत होतं, ते अंगणात येतं.

एवढं सगळं असूनही गाऊन घातलेली बाई ‘अशीच’ असते. "अशीच आले गं," असं ती स्वतःच आधी सांगून टाकते. आणि काफ्तान घातलेल्या बाईच्या फोटोखाली लोक लिहितात, किती साधी राहते!

साधेपणाचं हे कोडं मला फार दिवस छळतं. रील्समध्ये उन्हाळ्याचे साधे कपडे कसे घालावेत हे शिकवणाऱ्या मुली मला आवडतात, त्यांची थट्टा मी करणार नाही. पांढरा सुती शर्ट, सैल पँट, गळ्यात एकच बारीक साखळी, केसांना क्लचर, झालं. सल्ला खरंच चांगला असतो. पण त्या ‘झालं’ला किती गोष्टी लागतात ते पाहा. पांढरा शर्ट पांढरा ठेवायला वेगळं धुणं लागतं. लिनन चुरगळलेलं छान दिसतं, पण तेवढंच, जेवढं इस्त्री करून मग चुरगळलेलं असतं. थॉर्स्टीन व्हेब्लेनने 1899 मध्ये निवांत वर्गावर पुस्तक लिहिलं, त्यात त्याने दाखवून दिलं होतं, की स्वच्छ आणि नाजूक कपड्यांची शान बरीचशी यात असते, की हे घालणाऱ्याला हाताने काम करावं लागत नाही हे त्यांतून दिसतं. आज श्रीमंती मिरवायला जरतारी लागत नाही. डाग न पडलेला साधेपणा पुरतो. गाऊनवर मात्र हळदीचा डाग असतो, बाहीला ओल असते. साधेपणा म्हणजे कष्ट न करणं असं आपण नकळत धरून चाललो आहोत, आणि कष्टांतून आलेल्या साधेपणाला आपण गबाळेपणा म्हणतो.

दिवेआगरच्या बाजूला घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारी जी घरं आहेत, तिथे हे फार स्पष्ट दिसतं. पहाटेपासून स्वयंपाकघरात बाई गाऊनवर असते. दुसरं काही शक्यच नसतं, पंचवीस माणसांचा नाश्ता, मग मोदक, मग मासे. पण वाढायला बाहेर येताना ती ड्रेस किंवा साडी नेसून येते. तेवढ्यासाठी, तेवढ्या घामावर. बाहेर ओसरीवर पाहुणे चड्डी-टीशर्टवर, काफ्तानवर, पाय पसरून बसलेले. ते मोकळे व्हायलाच आलेले असतात, त्यांचं काही चुकत नाही. तरी या चित्रात एकाचा निवांतपणा दुसऱ्याच्या नीटनेटकेपणावर उभा आहे. यजमानीण गाऊनवर वाढायला आली असती, तर त्याच पाहुण्यांना ‘घरगुती’ हा शब्द जरा जास्तच खरा वाटला असता.

ॲडम स्मिथला आपण बाजाराचा माणूस म्हणून ओळखतो. पण ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये, 1776 साली, त्याने सदऱ्याबद्दल एक फार शहाणी गोष्ट लिहून ठेवली आहे. त्याचं म्हणणं असं, की लिननचा सदरा जगायला आवश्यक नाही. ग्रीक आणि रोमन लोकांचं त्याच्याशिवाय चांगलं चाललं होतं. पण आपल्या काळात युरोपातल्या बहुतेक भागांत अब्रूदार मजुराला तो सदरा अंगात नसताना चारचौघांत यायला लाज वाटेल, म्हणून तो गरजेचीच वस्तू धरायला हवा. दोनशे वर्षांनी अमर्त्य सेन यांनी हे उदाहरण उचललं आणि पुढे नेलं. चारचौघांत लाज न वाटता वावरता येणं ही गरज सगळीकडे सारखीच असते, ती भागवायला लागणाऱ्या वस्तू मात्र जागेनुसार बदलतात.

बोर्लीच्या बाजारातली ती जांभळी ओढणी म्हणजे स्मिथचा सदराच. ती अंगासाठी नाही, अब्रूसाठी आहे. इथवर मी स्मिथबरोबर आहे. पण एक गोष्ट आपण विचारायला हवी: लाज वाटण्याचा हा दर ठरवतं कोण, आणि तो पुरुषाला व बाईला एकच लावतात का? त्याच बाजारात बनियन आणि लुंगीवर, खांद्यावर पंचा टाकून आलेला माणूस असतो. त्याच्या पंच्याला कुणी चिठ्ठी म्हणणार नाही. तो घाम पुसायलाच असतो.

हे फक्त नजरेचं प्रकरण असतं तर निबंध कशाला लिहिला असता? 2014 मध्ये नवी मुंबईतल्या गोठिवली गावात, घणसोलीच्या बाजूला, दिवसा गाऊन घालून घराबाहेर पडणाऱ्या बाईला 500 रुपये दंड जाहीर झाला. जाहीर करणारं महिला मंडळ होतं. पुढे 2018 मध्ये आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या तोकलपल्ली गावात तोच नियम आला, जरा जास्त कडक: सकाळी सात ते संध्याकाळी सात नाइटी बंद, मोडल्यास 2000 रुपये, आणि चुगली करणाऱ्याला 1000 रुपये बक्षीस. म्हणजे तोच कपडा सकाळी पावणेसातला सभ्य आणि सव्वासातला असभ्य.

हसून सोडून देणं सोपं आहे. पण गोठिवलीच्या बायकांच्या बाजूने जेवढं बोलता येईल तेवढं आधी बोलू. कपडे हे नुसते आपले नसतात, हे खरं आहे. लग्नाला आपण नीट कपडे करून जातो ते स्वतःला आरशात पाहायला नाही, बोलावणाऱ्याचा मान म्हणून. मयताला भडक रंग घालत नाही. ‘मला हवं ते मी घालीन, तुमचा संबंध काय’ हे वाक्य भांडणात उपयोगी आहे, पण जगण्याचं पूर्ण वर्णन म्हणून ते खोटं आहे. गाव ही सगळ्यांची बैठकीची खोली आहे, तिथे झोपायच्या कपड्यांत येऊ नये, असं कुणाला वाटलं तर ती व्यक्ती लगेच मागासलेली ठरत नाही.

माझी हरकत दुसरीकडे आहे. एकमेकांचा मान राखायचा, तर त्याची किंमत सगळ्यांनी वाटून घ्यायला हवी. लुंगी-बनियनला दंड नाही, चड्डीला नाही, फक्त गाऊनला आहे, तर मग ही बैठकीची खोली सगळ्यांची नव्हे. तिथे काही जण बसलेले आहेत आणि काही जणी चहा घेऊन येत आहेत. आणि दुसरं, गाऊन हा झोपायचा कपडा आहे हे ठरवलं कुणी? ज्या कपड्यात बाई पहाटे पाचपासून पाणी भरते, भाकऱ्या भाजते, पोराला पाजते (चेन उगाच नसते), मासे कापते, तो तिचा कामाचा कपडा आहे. त्यात ती झोपतेही, कारण बदलायला वेळ नसतो.

इथे एक सोपा निष्कर्ष खुणावतो: कपडे जितके कमी आणि मोकळे, तितकी बाई स्वतंत्र. तो मला पटत नाही. त्रावणकोरात नाडार बायकांना छाती झाकण्याचा हक्क मिळावा म्हणून अनेक वर्षं झगडावं लागलं, 1859 मध्ये तिथल्या राजाने परवानगीचा जाहीरनामा काढला. तिथे स्वातंत्र्य कापड पांघरण्यात होतं. बोर्लीत मुसलमान वस्ती मोठी आहे, आणि तिथल्या अनेक जणींचा बुरखा हा गाऊनवरच चढतो, हे काही गुपित नाही. दुकानापर्यंत जायचं, तर कपडे बदलायची कटकट नाही. त्या अर्थी तो गाऊनवरच्या ओढणीचा मोठा भाऊच. काळ्या रंगात त्या उकडून निघत असतील, असं आपण पटकन म्हणतो. 1980 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात वाळवंटातल्या बदाऊनी लोकांच्या काळ्या झग्यांवर एक प्रयोग छापून आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त ऊन शोषतो, पण तो सैल असल्याने ती वाढीव उष्णता कातडीपर्यंत पोचण्याआधीच हवेबरोबर निघून जाते, असं त्यात आढळलं. अर्थात ती हवा कोरडी आणि वाहती. आपल्याकडच्या दमट मे महिन्यात, कृत्रिम धाग्याच्या बुरख्यात काय होतं, ते घालणारीला विचारावं, न घालणाऱ्याने तिच्या वतीने घाम पुसू नये.

सगळीकडे प्रश्न एकच दिसतो. कापड किती, हा नव्हेच. ते कुणाच्या सोयीने ठरलं, आणि न पाळल्यास काय होतं? ओढणी घ्यायला मला काही वाटत नाही, असं एखादी म्हणते तेव्हा ती खरंच बोलत असते. पण ती न घेता एकदा रिक्षा स्टँडपर्यंत जाऊन आली, तर काय होईल, या प्रश्नाचं उत्तरही तिला माहीत असतं. सवय आणि मर्जी यांत फरक करायचा तर हीच कसोटी मला सापडते. जी गोष्ट एक दिवस सोडून बघता येत नाही, तिला आवड म्हणू नये.

लाजेचे दर बदलतात, ही त्यातल्या त्यात दिलाशाची बाब. तीस-चाळीस वर्षांपूर्वी आपल्याकडच्या गावांत लग्न झालेल्या बाईने पंजाबी ड्रेस घातला तर चर्चा व्हायची. आज तोच ड्रेस सभ्यपणाची खूण आहे, गाऊन बदलून जो घालायचा तो. म्हणजे सभ्यपणा त्या शिवणीत कधीच नव्हता. बदल मोर्चे काढून झाला नाही. शिक्षिका, नर्सा, एसटीने रोज प्रवास करणाऱ्या बायका यांनी सोयीसाठी घातला, आणि त्या इतक्या झाल्या की बोलणारे दमले.

गाऊनचंही तसंच काहीतरी चाललेलं दिसतं. आता गाऊन आणि त्याच छापाची ओढणी असा जोडच विकायला येतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाईट वाटलं, चिठ्ठी आता कारखान्यातूनच छापून येऊ लागली म्हणून. नंतर वाटलं, उलटंही असेल. जुळणारी ओढणी असली की तो घरातला कपडा राहत नाही, बाहेरचा होतो. मग माफी मागण्यासारखं काही उरत नाही. ‘अशीच आले’ म्हणावं लागत नाही. कुठलं खरं, ते घेणाऱ्या बायका ठरवतील. तूर्तास त्या ओढणीचा पोत पाहतात, रंग जातो का विचारतात, आणि खिसा आहे का ते आत हात घालून बघतात. असला तरी बहुतेक एकाच बाजूला असतो, आणि त्यात फोन मावत नाही.