वॉरंटीत काय येतं?

तालुक्याच्या गावी एक फोटोग्राफर होता. लग्न, मुंज, बारसं, शाळेचं गॅदरिंग, सगळीकडे तोच जायचा. त्याचा कॉम्प्युटर फार जुना झाला होता. सकाळी सुरू करून चहा पिऊन आलं, तरी स्क्रीनवरचं चाक फिरतच असायचं.

एसएसडी घ्यायचा ठरला. फोटो काढणारा त्याचा एक मित्रही बरोबर निघाला. त्याला बाहेरून यूएसबीला लावायचा ड्राइव्ह हवा होता. दोघं बसस्टँडमागच्या दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले.

मित्राने मोबाइल पुढे केला. "काका, हा बघा. दोन टीबी, हजार रुपयांच्या आत."

काकांनी चष्मा वर सरकवून पाहिलं. "बाबा, एवढ्या पैशांत आतल्या चिपासुद्धा येत नाहीत. मग हा विकणारा देतो काय?"

मित्र हसला आणि त्याने ऑर्डर टाकली.

फोटोग्राफर म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा. सगळ्यात फास्ट कुठला?"

"स्पीड शेवटी बघू. तुझ्या जुन्या हार्ड डिस्कपुढे कुठलाही खरा एसएसडी पळेलच. आधी वॉरंटी किती वर्षांची ते बघ. मग टीबीडब्ल्यूचा आकडा बघ, म्हणजे आयुष्यभरात किती टेराबाइट लिहून होतील ते. एसएसडीचे सेल लिहून लिहून झिजतात. एका सेलमध्ये तीन बिट ठेवले तर टीएलसी, चार कोंबले तर क्यूएलसी. क्यूएलसी स्वस्त पडतो, पण लवकर झिजतो. तुझं काम रोजच्या लिहिण्याचं, तू टीएलसी घे."

काकांनी नावाजलेल्या कंपनीचा 500 जीबीचा ड्राइव्ह काढला. पाच वर्षांची वॉरंटी, 300 टीबीडब्ल्यू. "रोज 50 जीबी लिहिलंस तरी हा आकडा गाठायला 16 वर्षं लागतील," ते म्हणाले. ड्राइव्ह बसवून झाल्यावर त्यांनी जुनी हार्ड डिस्क एका डब्यात घालून त्याच्या हातात दिली. "ही टाकून देऊ नकोस. रोज रात्री दुकान बंद करताना दिवसाचं काम हिच्यावर कॉपी करायचं."

फोटोग्राफरला ते काम कंटाळवाणं वाटलं. पण काकांचा शब्द मोडवेना, म्हणून तो करत राहिला.

लग्नसराई आली. मित्राचा ड्राइव्ह भरत होता आणि कॉम्प्युटर दोन टीबी दाखवत होता. मग एका मुलीचे वडील अल्बमसाठी आले. फोल्डर होतं, फोटोंची नावंही होती. पण एकही फोटो उघडेना.

काकांनी ड्राइव्हचे स्क्रू काढले. लांबलचक डबी आतून जवळजवळ रिकामी होती. एका कोपऱ्यात छोटा हिरवा बोर्ड होता आणि त्यावर मोबाइलमध्ये घालतात तसलं 64 जीबीचं मेमरी कार्ड. कॉम्प्युटरला दोन टीबी सांगायचं, असं त्या बोर्डाला शिकवून ठेवलं होतं. कार्ड भरल्यावर नवे फोटो जुन्यांवरच लिहिले जात होते. मुलीचे वडील बराच वेळ खुर्चीतून उठले नाहीत.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी फोटोग्राफरचा ड्राइव्हही दिसेनासा झाला. हार्ड डिस्क बिघडताना पुष्कळदा करकरते, याने काहीच सूचना दिली नाही. काकांनी नाना प्रकारे लावून पाहिला आणि मान हलवली. बिल होतं, वॉरंटी होती, कंपनीने नवा ड्राइव्ह पाठवला. तो अर्थातच कोरा होता. फोटोग्राफरने डब्यातली जुनी हार्ड डिस्क काढून जोडली. आदल्या रात्रीपर्यंतचं सगळं काम तिच्यावर होतं. त्या आठवड्यातले अल्बम वेळेवर गेले.

चांगला ड्राइव्ह क्वचित बंद पडतो, पण पडतो. पारखून घेतल्याने धोका कमी होतो. उरलेल्या धोक्याला दुसरी कॉपी लागते. ती रोज करायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, आणि तरीही ती करावी लागते.

नवा ड्राइव्ह आणलात की कामाला लावण्याआधी तो एकदा काठोकाठ भरून, भरलेलं परत वाचून बघा. त्यासाठी फुकट प्रोग्रॅम मिळतात आणि खोटा ड्राइव्ह तिथेच उघडा पडतो. बिल जपून ठेवा. आणि कॉपी आज रात्रीच करा. वॉरंटीत ड्राइव्ह बदलून मिळतो, आतले फोटो मिळत नाहीत.