घाटातली गाडी

साताऱ्यातल्या एका तरुणाची ही गोष्ट. त्याच्या वडिलांची, आबांची, सगळी हयात एसटीच्या स्टिअरिंगमागे गेली, त्यातली निम्मी केळघरच्या घाटात. पोराला मात्र पळण्याचं वेड. यवतेश्वरचा घाट तो पहाटे एका दमात चढायचा, एक पाऊलही न चालता. आबा एकदा म्हणाले, "लेका, चढाला गाडी पळवायची नसते, चढवायची असते. खालचा गिअर टाकायला जो लाजतो, त्याची गाडी मधेच तापते." पोराने ते कानाआड केलं.

पुढे तो दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स मॅरेथॉनला गेला. पहिल्या महायुद्धात पडलेल्या साथीदारांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅफम या रेल्वे इंजिनचालकाने ती 1921 मध्ये सुरू केली. त्या वर्षी 34 जण पळायला उभे राहिले, 16 पोहोचले. शर्यत चढाच्या दिशेने असते त्या वर्षी समुद्रकाठच्या डर्बनहून निघून पीटरमॅरित्झबर्गला जायचं. 1893 मध्ये गांधीजींना गाडीतून उतरवलं ते हेच गाव. अंतर सुमारे 87 किलोमीटर, वाटेत पाच मोठे चढ, मुदत बारा तासांची. नऊ तासांच्या आत येणाऱ्याला पहिला विजेता बिल रोवन याच्या नावाचं पदक मिळतं, अकरा तासांनंतर येणाऱ्याला क्लॅफमच्या नावाचं तांब्याचं. निघताना पोरगा म्हणाला होता, "तांब्याचं पदक घेऊन मी घरी येणार नाही."

काउइज हिल त्याने धावत चढली. फील्ड्स हिलवर भोवतालचे जुने धावपटू चालायला लागले, तेव्हा त्याला त्यांची कीव आली. बोथाज हिलही त्याने तशीच मारली. निम्मं अंतर संपलं आणि समोर इंचांगा उभी राहिली. तिथे मांड्यांत गोळे आले. पाण्याची पिशवी दातांनी फाडायला गेला, तर हात थरथरत होते. अर्धं पाणी गळ्यावरून खाली गेलं. तो रस्त्याच्या कडेला बसला.

तेवढ्यात मागून गाण्याचा आवाज आला. एक मोठा घोळका ठेक्यात येत होता. अशा घोळक्याला तिथे 'बस' म्हणतात आणि पुढे चालणाऱ्याला बसचा ड्रायव्हर. हा ड्रायव्हर पिकल्या केसांचा होता. त्याने हात वर केला की सगळे चालायचे, खाली केला की सगळे पळायचे. बसलेल्या पोराकडे बघून त्याने नुसती मान हलवली: ये. घोळक्यातल्या एका बाईने मीठ लावलेला उकडलेला बटाटा त्याच्या हातावर ठेवला.

बस म्हणताच त्याला आबा आठवले. तो उठला.

उरलेली वाट त्याने त्या हाताकडे बघत कापली. विजेचे दोन खांब पळायचं, एक खांब चालायचं. शेवटचा मोठा चढ पॉली शॉर्ट्सचा, सुमारे ऐंशी किलोमीटर झाल्यावर येणारा. तिथे तर सगळी बस चालतच गेली, पण एकही माणूस थांबला नाही. माझ्या मते त्या दिवशी तो खरा धावपटू झाला तो याच चढावर, चालताना.

अकरा तास एकेचाळीस मिनिटांनी तो पोहोचला आणि कठड्याला धरून तिथेच उभा राहिला. बारा तास भरत आले तसा एक माणूस येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहिला, हातात बंदूक. कुणी किती जवळ आलंय हे त्याला दिसू नये, म्हणून ही पाठ. बार झाला. रेषेपासून काही पावलांवर एकजण गुडघ्यांवर कोसळला. तो सकाळी फील्ड्स हिलवर आपल्या बरोबरीनेच, एकदाही न चालता पळत होता, हे पोराने ओळखलं. त्याने जाऊन त्याला उठवलं.

रात्री फोन लावला. आबांनी वेळ विचारली नाही, पदक विचारलं नाही. एवढंच विचारलं, "गाडी तापली होती का रे?"

"तापली होती, आबा. मग खालचा गिअर टाकला."

तांब्याचं ते पदक आता घरात आबांच्या खाकी वर्दीशेजारी खुंटीला आहे. आणि यवतेश्वरच्या घाटात पहाटे गेलात तर तो पोरगा भेटेल. दोन खांब पळतो, एक खांब चालतो.