चेंडूला न लागणारा विटाळ

अपवित्र मानलेल्या व्यक्तीच्या स्पर्शाने दुसऱ्याला लागणारा दोष म्हणजे विटाळ, अशी अस्पृश्यतेच्या आचारामागची धारणा होती. परंतु हा दोष देहाला खरोखर चिकटलेला असतो, की समाज तो आपल्या सोयीने मानतो आणि सोयीने बाजूला ठेवतो, या प्रश्नाचे उत्तर बाळू पालवणकर (१८७६–१९५५) या थोर गोलंदाजाच्या चरित्रात जितके स्पष्ट मिळते तितके ते ग्रंथांतही क्वचितच मिळेल.

चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यावर खेळपट्टी राखण्याचे आणि जाळी बांधण्याचे काम करीत, आणि जे. जी. ग्रेग या नामांकित फलंदाजाला सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकता टाकताच त्यांची डावखुरी फिरकी घडली. पुढे ते मुंबईस आले आणि रेल्वेच्या संघातून खेळू लागले. युरोपियनांना हरवायचे तर हा गोलंदाज हवाच, हे पुण्यातील हिंदू संघाने त्याआधीच ओळखले होते व बराच वाद घालून त्यांना संघात घेतले होते. मात्र चहाच्या वेळी सोबती आत चिनी मातीच्या कपांतून चहा घेत असता बाळूंना तो बाहेर, वापरून फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात दिला जाई.

येथे विचार करण्याजोगी गोष्ट चेंडूची आहे. तो कातड्याचा असे, बाळूंच्या घामेजल्या बोटांतून सुटे, आणि तोच यष्टिरक्षकाच्या व क्षेत्ररक्षकांच्या हातांतून फिरत पुन्हा बाळूंकडे येई. तरीही त्यासाठी कोणी स्नान केले नाही. विटाळ वस्तूतून संक्रमित होत असेल तर तो चेंडूतून व्हायला हवा होता आणि होत नसेल तर कपातूनही होण्याचे कारण नव्हते.

परंपरेकडे यावर एक उत्तर आहे. देवयात्रा, विवाह, यज्ञ आणि उत्सव या प्रसंगी स्पर्शास्पर्शाचा विचार नाही, असा अपवाद अत्रिस्मृतीत सांगितला आहे आणि क्रीडांगण हाही असाच एक उत्सव होता, असे कोणी म्हणू शकेल. परंतु जो दोष प्रसंग पाहून नाहीसा होतो आणि प्रसंग सरताच परत येतो, तो देहाचा धर्म असू शकत नाही; तो माणसांनी घेतलेला निर्णय असतो आणि निर्णय म्हटला की त्याची जबाबदारीही घेणाऱ्यावरच येते.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. या पराक्रमाने त्यांनी समानता मिळवली, असे म्हणण्यात मात्र मोठा धोका आहे, कारण मग बळी न घेणाऱ्याला ती नाकारणे रास्त ठरते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांची भक्ती थोर मानूनही त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारापाशी, बाहेरच राहिली. गुणांचा गौरव आणि माणसाचा स्वीकार या दोन गोष्टी आपल्या समाजाने शतकानुशतके अशाच वेगळ्या ठेवल्या. बाळूंच्या बाबतीतही तेच घडले: धाकटे बंधू विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधार झाले, पण स्वतः बाळूंची मजल १९२० च्या उपकर्णधारपदापर्यंतच गेली आणि कर्णधार म्हणून त्यांची निवड कधीच झाली नाही.