एकाच पंगतीचे मानसशास्त्र

परक्या गटातल्या माणसांशी प्रत्यक्ष ओळख झाली की त्यांच्याविषयीचा आकस आपोआप ओसरतो, ही समजूत जुनी आहे आणि ऐकायला सरळही वाटते. पण गावगाडा ज्याला ठाऊक आहे त्याला तिच्यातली मेख सांगावी लागत नाही. सवर्ण आणि अस्पृश्य यांचा संबंध रोजचाच होता. शेत, खळे, लग्नकार्य, मर्तिक यांपैकी कशातही एकावाचून दुसऱ्याचे चालत नसे. तरीही विटाळ पिढ्यान्‌पिढ्या टिकला. ओळख कोणत्या पायरीवर उभे राहून होते, हे तपासल्याशिवाय ती काय घडवील ते सांगता येत नाही. मानसशास्त्राला हे उमगायला मात्र विसाव्या शतकातली बरीच वर्षे खर्ची घालावी लागली.

सुरुवात मोजमापापासून झाली. एमरी बोगार्डस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1925 मध्ये ‘सामाजिक अंतरा’ची मोजपट्टी मांडली. अमुक वंशाच्या माणसाशी सोयरीक कराल का, तो शेजारी म्हणून चालेल का, कामावरचा सहकारी म्हणून चालेल का, की तो देशातच नको, असे तिचे प्रश्न उतरत्या क्रमाने होते. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार वेगळे मोजणाऱ्या समाजाला यात नवल वाटू नये. पण लोक सांगतात तसे वागतात का? रिचर्ड लापिएर याने 1930 ते 1932 या काळात एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकेत प्रवास केला. 251 हॉटेले आणि खानावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. पुढे त्याच ठिकाणांना ‘चिनी गिऱ्हाईक घ्याल का’ असे पत्राने विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी ‘नाही’ कळवले. समोर उभ्या असलेल्या नीटनेटक्या जोडप्याला दार बंद करणे जड गेले. कागदावरच्या ‘चिनी’ला नकार देणे सोपे होते.

महायुद्धानंतर थिओडोर अडोर्नो आणि सहकाऱ्यांनी 1950 मध्ये दोष व्यक्तिमत्त्वात शोधला: कडक धाकात वाढलेला, वरच्यापुढे वाकणारा आणि खालच्यावर गुरकावणारा माणूस. यातून कट्टर माणसाचा उलगडा होतो. पण एरवी प्रेमळ असलेली माणसे गावेच्या गावे एकच भेद पाळतात, त्याचा उलगडा यातून होत नाही.

दुसरा धागा परिस्थितीचा होता. 1945 मध्ये युरोपच्या आघाडीवर माणसे कमी पडली, म्हणून अमेरिकी सैन्याने काही गोऱ्या कंपन्यांना कृष्णवर्णीय सैनिकांच्या प्लाटून जोडल्या. अशी रचना अजिबात आवडणार नाही, असे म्हणणारे गोरे सैनिक अशा प्लाटून नसलेल्या डिव्हिजनांमध्ये 62 टक्के होते; एकाच कंपनीत लढलेल्यांत 7 टक्के. घरांच्या वसाहतींतही हेच दिसले. न्यूयॉर्कच्या वसाहतींत गोऱ्या आणि काळ्या कुटुंबांना वंश न पाहता घरे दिली होती, तर नेवार्कमध्ये वसाहत एक पण इमारती वेगळ्या. मॉर्टन डॉइच आणि मेरी कॉलिन्स यांनी तिथल्या गृहिणींशी बोलून 1951 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: एकाच इमारतीत राहणाऱ्या गोऱ्या बायकांची मते बरीच निवळली होती.

हे सारे गॉर्डन ऑलपोर्टने 1954 मध्ये एका सूत्रात ओवले. संपर्काचा उपयोग व्हायचा तर दोन्ही बाजूंचा दर्जा सारखा हवा, उद्दिष्ट सामायिक हवे, ते गाठायला एकमेकांचे सहकार्य हवे आणि वरच्या अधिकाराचा किंवा कायद्याचा पाठिंबा हवा. त्याच वर्षी उन्हाळ्यात ओक्लाहोमात मुझफ्फर शेरीफने अकराएक वर्षांच्या 22 मुलांचे दोन गट करून त्यांना सामन्यांत झुंजवले. प्रकरण झेंडे जाळण्यापर्यंत गेले. मग एकत्र जेवण आणि सिनेमा ठेवला, तर ताटातले अन्नच एकमेकांवर उडाले. दिलजमाई झाली ती पाण्याची टाकी बंद पडल्यावर आणि जेवण आणायचा ट्रक अडल्यावर. तो ट्रक मुलांनी रस्सीखेचीच्याच दोराने ओढला. आदल्या वर्षीचा असाच प्रयोग मात्र फसला होता: आधी एकत्र राहून मैत्री झालेली मुले भांडायलाच तयार होईनात. त्या अपयशाचा बोभाटा शेरीफने केला नाही. खरे तर त्याच्या सिद्धांताइतकेच तेही बोलके होते.

ऑलपोर्टच्या या अटी महाराष्ट्रात त्याआधीच अमलात आलेल्या दिसतात. भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राबत आणि एकाच पंगतीत जेवत. तिथे दर्जा, काम आणि अधिकाराचा पाठिंबा या तिन्ही गोष्टी जुळल्या होत्या. उलट, सहभोजनावरच भिस्त ठेवणाऱ्या सुधारकांना आंबेडकरांनी 1936 मध्ये स्पष्ट बजावले की एका जेवणाने जात मरत नाही. त्यांचा रोख आंतरजातीय विवाहाकडे, आणि त्याहूनही जातीला पावित्र्य देणाऱ्या धर्मग्रंथांच्या अधिकाराकडे होता. ऑलपोर्टच्या यादीत ‘वरचा पाठिंबा’ आहे. तो पाठिंबा भेदालाच मिळत असेल तर काय, हा आंबेडकरांचा प्रश्न अधिक खोल आहे.

पुढच्या संशोधनाने आशा आणि मर्यादा दोन्ही वाढवल्या. थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी 2006 मध्ये 515 अभ्यास एकत्र तपासले. बहुतेक अभ्यासांत संपर्काबरोबर पूर्वग्रह कमी दिसला, पण परिणाम माफक होता. ऑलपोर्टच्या अटींनी तो वाढतो, तरी त्या सगळ्या अपरिहार्य ठरल्या नाहीत. मॅट लोवने उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांच्या क्रिकेट लीग भरवल्या. एकाच संघात खेळलेल्यांची जातीबाहेरची मैत्री वाढली. दुसऱ्या जातीचे खेळाडू प्रतिस्पर्धी म्हणूनच भेटले तिथे चित्र बहुतांशी उलटे होते. इराकमध्ये सल्मा मूसाने इसिसमुळे विस्थापित झालेल्या ख्रिश्चनांच्या फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घातले. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा: संघातल्या मुस्लिमांशी वागणे सुधारले, अनोळखी मुस्लिमांबाबत मात्र फारसा फरक पडला नाही.

अधिक बोचरी टीका 2009 च्या सुमारास पुढे आली. तामार सागुई आणि सहकाऱ्यांना आढळले की गोडीगुलाबीच्या भेटीनंतर दुबळ्या गटाचे लक्ष विषमतेवरून उडते आणि बलिष्ठ गट आपल्याशी न्यायाने वागेल अशी त्याची अपेक्षा वाढते. वाटणीची वेळ आली की ती पुरी होत नाही. दक्षिण आफ्रिकेतील पाहण्यांतही गोऱ्यांशी अधिक चांगले संबंध असलेल्या कृष्णवर्णीयांचा वांशिक भरपाईच्या धोरणांना असलेला पाठिंबा कमी दिसला. गोऱ्यांमध्ये मात्र अशा संपर्काने तो वाढला होता. त्यामुळे आता या क्षेत्रात आकस किती घटला एवढेच पाहून भागत नाही. संपर्कानंतर कोण गप्प बसले आणि कुणाच्या पदरात काय पडले, याचीही नोंद घ्यावी लागते.