कोंडीत मोजलेला रस्ता

बस. तो लॅपटॉप आधी मिट. स्लाइड नकोत मला. अहवाल वाचलाय, परिशिष्टांसकट वाचलाय. परिशिष्टं कुणी उघडत नाही असं धरूनच तू ती लिहिलेली दिसतात, तेव्हा आज जरा जड जाईल तुला.

शेवटच्या पानावर तू म्हणतोस की प्रकल्पामुळे लगतच्या रस्त्यांवर होणारा परिणाम नगण्य आहे. हजारभर सदनिका, खालचे दोन मजले दुकानं, रस्त्याच्या तोंडावर ऑफिसांचा टॉवर, कोपऱ्यात शाळेची जागा. आणि परिणाम नगण्य. हे वाक्य मोजणीला जायच्या आधी लिहिलंस की नंतर? मान खाली घालू नकोस. बरं, राहू दे. तक्ते बोलतातच.

चौकातल्या संध्याकाळच्या मोजणीचा तक्ता काढ. साडेपाच ते साडेसहा जेवढी वाहनं गेली, त्यापेक्षा साडेसहा ते साडेसातमध्ये कमी गेली. हिंजवडीची ऑफिसं सुटायची वेळ, आणि वाहनं कमी? जरा थांबून विचार करावा असं वाटलं नाही? तू तो कमी आकडा घेतलास, क्षमतेने भागलास, गुणोत्तर ०.६ आलं, सेवापातळी ‘सी’ लिहिलीस आणि पान उलटलंस. अरे, त्या तासात चौक तुंबलेला होता! तुंबलेल्या चौकातून वाहनं कमीच बाहेर पडणार. ब्रूस ग्रीनशील्ड्सने १९३० च्या दशकात ओहायोतल्या रस्त्यांवर कॅमेरा लावून वेग आणि गर्दीचं नातं मांडलं, ते मी तुम्हाला शिकवलंय: रस्ता मोकळा असतानाही तासाला तेवढीच वाहनं जाऊ शकतात जेवढी तो खचाखच भरलेला असताना जातात. नुसत्या संख्येवरून रस्ता सुखात आहे की मरणपंथाला लागलाय, ते कळत नाही; वेग सोबत लागतो. तो वक्र परीक्षेत सुबक काढला होतास, मार्कही दिले होते मी. चौकात उभा राहिलास तेव्हा तो कुठे गेला? पालिकेच्या नळाला करंगळीएवढी धार येते, म्हणून या घराची गरजच तेवढी, असं म्हणण्यातला प्रकार आहे हा.

चौकातून जे सुटतं ते मोजायचंच, पण जे सुटत नाही तेही मोजायचं. रांगेच्या शेपटामागे माणूस उभा करायचा आणि तिथे येणारी वाहनं मोजायची, कारण मागणी तिथे दिसते. दर पंधरा मिनिटांनी शेपूट कुठवर गेलंय ते विजेच्या खांबांवरून टिपून घ्यायचं. सिग्नलच्या वेळा तू कंट्रोलरवरच्या कागदावरून उतरवल्यास, पण संध्याकाळी तिथला हवालदार सिग्नल हाताने चालवतो, हे पानाच्या टपरीवरचा पोरगासुद्धा सांगेल. आणि हे सगळं मोजलंस कधी? दिवाळीच्या सुट्टीत. शाळा बंद, स्कूलव्हॅन घरी उभ्या, निम्मं पुणं गावी. तारीख पाचव्या परिशिष्टात कोपऱ्यात बारीक टाइपात दडवली आहेस. मला चाळिशी लागली असली तरी दिसतं.

आता आकडेमोड. दुचाकीला तू ०.५ पीसीयू धरलंस, म्हणजे अर्धी मोटार. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०६ मध्ये हा आकडा कधी वापरायचा? दुचाकींचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास असेल तेव्हा. दहा टक्क्यांच्या वर गेलं की ०.७५. पुण्याच्या रस्त्यावर दुचाकी पाच टक्के? चार हजार दुचाकी असतील तर अर्ध्याने दोन हजार पीसीयू होतात आणि पाऊणने तीन हजार. एका दशांशचिन्हात हजार पीसीयू गिळलेस की! रस्त्याची क्षमताही त्याच पुस्तकातून घेतलीस, चौपदरी दुभाजित रस्त्याला ३६००. त्या तक्त्याखालची टीप वाचली नाहीस? तो आकडा अशा रस्त्याला आहे जिथे कडेला दारं उघडत नाहीत, कुणी गाडी लावत नाही आणि आडवी वाहतूक जवळजवळ नाही. तुझ्या रस्त्यावर एका कडेला हार्डवेअरची दुकानं, दुसऱ्या कडेला वडापावच्या गाड्या, आणि दोन्हीकडे लावलेल्या मोटारी. तिथे त्याच तक्त्यातल्या खालच्या दर्जाच्या २९०० चासुद्धा हक्क पोचत नाही. इंडो-एचसीएम हे क्षमतेचं पुस्तक वापरायचं असेल तर खुशाल वापर, नवं आहे, आपल्या रस्त्यांवर मोजून केलंय. पण मग पीसीयूही त्यातलेच घ्यायचे आणि क्षमताही त्यातलीच. जिथे ज्या पुस्तकाचा आकडा गोड लागला तिथे ते पुस्तक, याला अभ्यास म्हणत नाहीत.

एका घरामागे किती फेऱ्या निघतील, हे कुठून आणलंस? अमेरिकेच्या ट्रिप जनरेशन मॅन्युअलमधून. त्यातली बरीचशी मोजणी बस-मेट्रो नसलेल्या उपनगरांतल्या फाटकांवर झालेली आहे. तिथे पाण्याचा टँकर येत नाही रे. दहा मिनिटांत भाजी आणणारा मुलगा दिवसातून कितीदा आत-बाहेर करतो, ते त्यात नाही. रिक्षा नाही, सहाआसनी नाही, सकाळी सातला गेटाशी उभी राहणारी पिवळी व्हॅनही नाही. दोन किलोमीटरवर तशीच सोसायटी आहे, लोक राहायला येऊन चार वर्षं झाली. तिच्या फाटकाशी दोन दिवस चार पोरं बसवायची, संपला प्रश्न. तेवढा खर्च तुझ्या कंपनीला झेपत नाही असं म्हणू नकोस. अहवालाचं कव्हर लेदरचं आहे.

आणि मग ती वजाबाकी. घर, दुकान, ऑफिस एकाच आवारात, म्हणून एक चतुर्थांश फेऱ्या आतल्या आत जिरतील. कशावरून? तिथला टू-बीएचके ज्या भावाला विकला जाणार आहे, त्या भावात दुकानातली सेल्सगर्ल घर घेणार आहे? ती पीएमपीच्या बसने येणार, नाहीतर शेअर रिक्षाने. घरकाम करणाऱ्या बायका पलीकडच्या वस्तीतून चालत येणार. सुरक्षारक्षक सायकलवर. सकाळी नऊला रहिवाशांच्या मोटारी फाटकातून बाहेर, त्याच वेळी त्याच फाटकातून ऑफिसवाल्यांच्या आत. मिश्र वापराने फेऱ्या कमी होतात, मी नाही म्हणत नाही. पण कोण कुठे राहतो आणि किती कमावतो हे न विचारता एक चतुर्थांश वजा करायला तुला कुणी सांगितलं?

चालणाऱ्या माणसांना तू अख्ख्या अहवालात एक परिच्छेद दिलास. त्यातही ‘पदपथ प्रस्तावित’. मुंबईचं गिरणगाव आठवतं का? ५८ क्रमांकाच्या विकास नियंत्रण नियमात २००१ साली बदल झाला, गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या झाल्या, चिमण्यांच्या जागी ऑफिसं आणि मॉल उभे राहिले. मोटारींसाठी तळघरं खोदली. परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनांमधला पादचारी पूल मात्र तेवढाच अरुंद राहिला. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पावसात त्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. त्यानंतर लष्कराने येऊन काही महिन्यांत नवा पूल बांधला. त्या टॉवरांमधून मोटारी किती निघतील हे बघितलं गेलं. लोकलमधून उतरून तिथे येणाऱ्या पायांचा हिशेब पुलापर्यंत पोचलाच नाही. तुझ्या प्रकल्पासमोर बसथांब्यावरून रस्ता ओलांडून फाटकापर्यंत कुठून यायचं, ते दाखव मला नकाशावर. दाखव ना.

भविष्याच्या प्रकरणात तू विकास आराखड्यातला २४ मीटरचा डीपी रस्ता पूर्ण झालेला धरलास. भूसंपादन झालंय? सातबारा बघितलास? कात्रज–कोंढवा रस्ता ८४ मीटर होणार होता. जागा ताब्यात येईनात, शेवटी ५० मीटरवर समाधान मानावं लागलं, आणि तेवढ्यासाठीही लोकांनी वर्षानुवर्षं खड्ड्यांतून गाड्या हाकल्या. एचसीएमटीआरचा वर्तुळाकार रस्ता १९८७ च्या आराखड्यापासून कागदावर फिरतोय. मेट्रोमुळे आणखी वजाबाकी केलीस. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. त्यानंतर माणसांनी बॅरिकेडच्या शेजारून किती वर्षं काढली, ते तूच सांग, तू तिथेच राहतोस. घरांचा ताबा रस्त्याची वाट बघत नाही. चाव्या मिळाल्या त्या दिवशी जो रस्ता असेल त्यावरून माणसं निघतात. डीपी रस्ता झाला तर आणि नाही झाला तर, असे दोन तक्ते हवेत. दुसरा तू केलाच नाहीस.

तुझ्या प्लॉटच्या डावीकडे हिरव्या जाळीत चार टॉवर उभे राहतायत. उजवीकडे शीट पाइलिंग चालू आहे. दोन्ही मंजूर आहेत, दोन्हींचे असेच अहवाल कुठेतरी फायलीत आहेत. तू म्हणतोस माझी भर तीन टक्क्यांची. तेही तेच म्हणाले असणार. आजच्या आकड्यावर प्रत्येक जण आपले तीन टक्के ठेवतो आणि शेजाऱ्याकडे बघत नाही. मग रस्ता बुडतो कुणामुळे? कुणामुळेच नाही. सगळ्यांचे अहवाल स्वच्छ.

खरोखरच्या चुका असत्या तर काही इकडे पडल्या असत्या, काही तिकडे. तुझ्या सगळ्या एकाच बाजूला पडल्यात. सुट्टीतली मोजणी, कोंडीतला तास, अर्धा पीसीयू, ३६०० चा रस्ता, परदेशी फेऱ्या, आतल्या आत जिरणारी माणसं, न बांधलेला रस्ता. प्रत्येक शंकेचा फायदा बिल्डरला, एकीचाही रस्त्याला नाही. याला निष्काळजीपणा म्हणून मी तुझ्यावर मेहेरबानी करणार नाही. तू हुशार आहेस, म्हणून तर राग येतोय.

‘मॅडम, सगळे असंच करतात, नाहीतर क्लायंट दुसऱ्याकडे जातो.’ हेच म्हणणार आहेस ना? जाऊ दे त्याला. पण क्लायंटला तू काय विकतोयस ते तरी समजून घे. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २० हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, तिथे तुझा अहवाल जोडला जातो, शिक्का बसतो, ठीक. पण हा अभ्यास शिक्क्यासाठी नसतो, नकाशा बदलण्यासाठी असतो. फाटक चौकापासून दीडशे मीटर मागे सरकवता आलं असतं. शाळेच्या गाड्या आवारात वळवता आल्या असत्या, म्हणजे त्या रस्त्यावर थांबल्या नसत्या. दुकानांचा माल रात्री उतरवायची अट, बसथांब्यासाठी पाच मीटर जागा, ऑफिसचा टॉवर दुसऱ्या टप्प्यात. यातलं काहीही बिल्डरचं दिवाळं काढणारं नव्हतं. तू नकाशा मिळाला तसाच ठेवलास आणि आकडे वाकवलेस.

आता ऊठ. शाळा सुरू आहेत, पुढच्या मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी साडेसातपासून साडेअकरापर्यंत, संध्याकाळी साडेचार ते नऊ मोजणी कर. दुकानांसाठी शनिवारची संध्याकाळ वेगळी. चालणारे, टँकर आणि काँक्रीटचे मिक्सर यांना तक्त्यात स्वतंत्र रकाने. डावी-उजवीकडच्या दोन्ही प्रकल्पांचे मंजूर आकडे पालिकेतून काढून आण. नाही दिले तर माहिती अधिकाराचा अर्ज कर, दहा रुपये लागतात. आणि मला निष्कर्ष पाठवू नकोस. कच्चे तक्ते पाठव, पेन्सिलने भरलेले, ज्याने मोजलं त्याच्या सहीचे.